परीक्षा कोणाची? : पैठणचा रेडा आणि साहाय्यक कुत्रा

छत्रपती संभाजीनगरहून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. वाळीत टाकलेली चार भावंडे शुद्धिपत्रासाठी तेथील ब्रह्मसभेपुढे उभी राहिली आणि ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा सर्वपरिचित आहे. चमत्कार बाजूला ठेवून तिची रचना पाहावी. समाजात प्रवेश मागणारी मुले, त्यांच्या बाजूला एक मुके जनावर आणि समोर परीक्षक. विकलांग मुलाच्या साहाय्यक कुत्र्याचा इतिहास वाचताना हीच रचना पुन्हा आठवते.

त्या इतिहासाचा आरंभ युद्धात आहे. १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे डॉ. गेरहार्ड स्टालिंग यांनी अंध झालेल्या सैनिकांसाठी कुत्री शिकवण्याची शाळा काढली. १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक हा अंध अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडमध्ये शिकलेली 'बडी' ही कुत्री घेऊन मायदेशी परतला. १९२९ मध्ये तेथे 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. अंधत्वापलीकडच्या विकलांगतांकडे हे काम वळले ते १९७० च्या दशकात, आणि १९९६ पासून कॅनडात ऑटिझम असलेल्या मुलांसाठी कुत्री तयार होऊ लागली.

मुलाच्या बाबतीत जोडी दोघांची नसते, तिघांची असते. दोरी पालकाच्या हाती, मुलाचा पट्टा कुत्र्याला जोडलेला. मूल एकाएकी रस्त्याकडे धावले, तर कुत्र्याने पाय रोवून थांबायचे. पिल्लू आधी एखाद्या कुटुंबात वाढते, गर्दी-गोंगाटाला सरावते. मग विशिष्ट कामांचे शिक्षण होते. शेवटी सार्वजनिक ठिकाणची चाचणी. त्यात जमिनीवर अन्न पडलेले असताना कुत्र्याने जागचे हलायचे नसते. आपल्याकडे भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. त्या कथेत कसोटी माणसाची होती. येथे मात्र ती कुत्र्याची आहे, आणि बरीच कुत्री तीत गळतात.

परंतु कुत्रा उत्तीर्ण झाला, तरी दार उघडतेच असे नाही. म्हणून अमेरिकेतील १९९० च्या विकलांगता कायद्याखालील नियम महत्त्वाचे वाटतात. विकलांगतेमुळे हा कुत्रा आवश्यक आहे का आणि तो कोणते काम शिकला आहे, एवढे दोनच प्रश्न दुकानदार विचारू शकतो. कागद मागू शकत नाही. पैठणच्या सभेपुढे पत्राचा प्रश्न उभा होता. येथे पत्र मागण्यालाच कायद्याने मनाई केली.

आपल्याकडे मुंबईत चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ मिनल कविश्वर यांच्या 'ॲनिमल एंजल्स फाउंडेशन'ने विशेष मुलांमध्ये कुत्र्यांच्या साहाय्याने उपचाराचे काम रुजवले. उपचाराचा कुत्रा अनेकांकडे जातो, साहाय्यक कुत्रा एकाच मुलासोबत राहतो. हा भेद ध्यानात ठेवूनही हे काम मोलाचे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'अडथळा' या संज्ञेत जिने-उंबरठ्यांसोबत माणसांच्या दृष्टिकोनाचाही समावेश केला आहे. उद्या आपल्या शहरातील एखादे मूल कुत्र्यासह शाळेच्या वा उपाहारगृहाच्या दाराशी उभे राहील, तेव्हा कुत्र्याची परीक्षा केव्हाच झालेली असेल. उरलेली परीक्षा दारात उभ्या असलेल्या आपली असेल.