एका संशयाचा इतिहास



एखाद्या औषधाचा इतिहास म्हणजे केवळ त्याच्या शोधाची हकीकत नव्हे. त्याच्याविषयीं वेळोवेळीं जे संशय उत्पन्न झाले आणि ज्या रीतीनें त्यांचें निरसन झालें, त्यांचाही तो इतिहास असतो. रक्तांतील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या ‘स्टॅटिन’ वर्गाच्या औषधांच्या बाबतींत ही गोष्ट फार स्पष्टपणें दिसून येते. हृदयविकार टाळण्यासाठीं या गोळ्या नित्य घेणारीं माणसें आज घरोघर आढळतात. त्यांपैकीं कोणाला उतारवयांत मूत्राशयाचा कर्करोग झाला, तर ती गोळी चालू ठेवावी कीं बंद करावी? प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याच्या उत्तरासाठीं वैद्यकशास्त्राला बराच लांबचा मार्ग चालावा लागला.

या कथेचा आरंभ जपानांत होतो. अकिरा एन्दो हा आकिता प्रांतांत 1933 सालीं जन्मलेला शास्त्रज्ञ. बुरशी आणि अळंबें यांचें त्याला लहानपणापासूनच वेड होतें. सांक्यो या औषधकंपनींत 1971 सालीं त्यानें एक विलक्षण शोध आरंभिला. त्याचा तर्क असा कीं, बुरशा इतर सूक्ष्म जीवांपासून स्वतःचें रक्षण करण्यासाठीं नाना द्रव्यें निर्माण करतात. मग त्या जीवांची कोलेस्टेरॉलसारखीं द्रव्यें बनविण्याची क्रियाच बंद पाडणारें एखादें द्रव्य त्यांत कां नसावें? सुमारे सहा हजार प्रकार तपासल्यानंतर, क्योतो येथील एका धान्याच्या दुकानांतील तांदळावर वाढलेल्या निळसर हिरव्या बुरशींत त्याला तें द्रव्य सांपडलें. त्याचें नांव ‘कॉम्पॅक्टिन’. उंदरांवर त्याचा गुण येईना, तेव्हां काम सोडून देण्याची पाळी आली होती. पण कोंबड्यांवर तें देऊन पाहतांच त्यांच्या रक्तांतील कोलेस्टेरॉल स्पष्टपणें उतरलें, आणि काम पुढें चाललें.

पुढें एका वेगळ्या बुरशींतून अमेरिकेंतील मर्क कंपनीनें 1978 सालीं ‘लोव्हास्टॅटिन’ मिळविलें. परंतु 1980 सालीं मोठें विघ्न आलें. फार मोठ्या मात्रेंत कॉम्पॅक्टिन दिलेल्या कुत्र्यांत कर्करोगासारखे फेरफार दिसले, असा बोभाटा झाला. सांक्योनें आपलें काम थांबविलें. मर्कनेंही आपल्या चाचण्या स्थगित केल्या. म्हणजे जन्मतःच या औषधावर कर्करोगाच्या संशयाची छाया पडली होती. फेरतपासणीनंतर 1987 सालीं लोव्हास्टॅटिनला अमेरिकेंत परवानगी मिळाली. नंतर 1994 सालीं स्कँडिनेव्हियांतील 4444 हृदयरोग्यांच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांतील मृत्यूंचें प्रमाण सुमारें 30 टक्क्यांनीं घटलें होतें. तेव्हांपासून या औषधांची उपयुक्तता वादातीत ठरली.

आतां कथेचा दुसरा धागा पाहूं. क्षयरोगाची जी बी.सी.जी. लस आपल्या बालकांच्या दंडावर टोंचतात, ती काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं 1908 ते 1921 या तेरा वर्षांत 230 वेळां जंतूंची नवी पैदास करून तयार केली. हीच लस कॅनडांतील किंग्स्टन येथील मोरालेस या शल्यचिकित्सकानें मूत्राशयाच्या कर्करोगावर वापरली, आणि 1976 सालीं नऊ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. रोग मूत्राशयाच्या अस्तरांतच असतांना त्याची गांठ आधीं काढून टाकावी, मग लसीचे जिवंत जंतू नळीनें मूत्राशयांत सोडावे, आठवड्यांतून एकदां, असे सहा आठवडे, अशी ही पद्धति. जंतूंच्या चाहुलीनें शरीराच्या संरक्षक पेशी तेथें गोळा होतात आणि कर्करोगाच्या पेशींवर तुटून पडतात. काट्यानें कांटा काढावा, तसा हा प्रकार. मूत्राशय काढून टाकण्याचा प्रसंग त्यामुळें कित्येकांवरून टळला. पुढें या कामासाठीं लागणारी बी.सी.जी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येंही तयार होऊं लागली.

हे दोन धागे 2006 सालीं एकत्र आले. बेल्जियमच्या कांहीं डॉक्टरांनीं अमेरिकेंतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकांत एक छोटें पत्र प्रसिद्ध केलें. त्यांनीं बी.सी.जी. दिलेल्या 84 रोग्यांची माहिती तपासली. त्यांपैकीं 19 जण स्टॅटिन घेत होते. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकीं 53 टक्क्यांत रोग अधिक उग्र झाला. न घेणाऱ्यांत हें प्रमाण 18 टक्के होतें. आंकडे भयावह होते, आणि त्यांना तर्काचा आधारही होता. बासेल येथील संशोधकांनीं 2000 सालीं दाखविलें होतें कीं, क्षयजंतूंच्या वर्गांतील जीवांना संरक्षक पेशींत शिरण्यासाठीं पेशीच्या आवरणांतील कोलेस्टेरॉल लागतें. मग तेंच कमी करणारें औषध लसीचा मार्ग अडवीत नसेल कशावरून?

येथें रोग्यापुढचें संकट ध्यानांत घ्या. एकीकडे हृदयाचें रक्षण करणारी गोळी. दुसरीकडे मूत्राशय वांचविणारी लस. एकीसाठीं दुसरी सोडावी, तर चुकीची किंमत प्राणांनीं मोजावी लागेल. अशा वेळीं तर्क कितीही सुंदर असला, तरी त्यावर विसंबतां येत नाहीं. 19 रोग्यांचा हिशेब हा इशारा होऊं शकतो, निर्णय नव्हे.

लवकरच मोठे हिशेब पुढें आले. न्यूयॉर्कच्या एका कर्करोग रुग्णालयानें 2008 सालीं 952 रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला; त्यांतील 245 जण स्टॅटिन घेणारे होते. दोन्ही गटांत रोगाच्या गतींत अर्थपूर्ण फरक आढळला नाहीं. ज्यांचें मूत्राशय काढावें लागलें होतें अशा सुमारें दीड हजार रोग्यांचा अभ्यास 2013 सालीं आला, तो तर अधिक बोधप्रद आहे. वरवर पाहतां स्टॅटिन घेणाऱ्यांची स्थिति वाईट दिसत होती. वय व रोगाची अवस्था यांसारख्या गोष्टी हिशेबांत धरतांच तो फरक नाहींसा झाला. याचें कारण उघड आहे. स्टॅटिन घेणारा मनुष्य बहुधा वयस्क, हृदयरोगी आणि पुष्कळदां धूम्रपानी असतो. आणि तंबाखूचा धूर हृदय व मूत्राशय या दोघांचाही वैरी आहे. दोष दुसऱ्याचा आणि आळ गोळीवर, असें होणें सहज शक्य होतें.

पण लंबक उलट दिशेलाही झुकला. डेन्मार्कच्या नोंदवहींतील सुमारें तीन लक्ष कर्करोग्यांचा अभ्यास 2012 सालीं प्रसिद्ध झाला. रोग होण्यापूर्वींपासून स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण 15 टक्क्यांनीं कमी दिसलें. आतां हेंच औषध कर्करोगावर तारक ठरणार, अशी आशा पसरली. येथेंही तोच धडा होता. जो स्वतःच्या प्रकृतीला जपतो आणि नियमानें डॉक्टरांकडे जातो, तो अनेक कारणांनीं अधिक जगतो. शिवाय रोगानंतर घेतलेल्या औषधाचा हिशेब करणाऱ्या अभ्यासांत आणखी एक फसवणूक असते. ती इंग्लंडच्या विल्यम फार यानें 1843 सालींच ओळखली होती. सेनापति सामान्य अधिकाऱ्यांपेक्षां अधिक जगतात, म्हणून तरुणांना लवकर सेनापति केलें तर त्यांचें आयुष्य वाढेल काय? सेनापतिपदाला पोंचावयासच आधीं पुष्कळ वर्षें जगावें लागतें! तसेंच दीर्घकाळ औषध घेण्यासाठीं प्रथम दीर्घकाळ जिवंत राहावें लागतें.

ही गुंतागुंत सोडविण्याचा खरा उपाय म्हणजे, औषध कोणी घ्यावें हें चिठ्ठ्या टाकून ठरविणें. अशा 27 चाचण्यांतील सुमारें 1 लक्ष 75 हजार लोकांच्या माहितीचा मेळ 2012 सालीं घातला गेला. तेव्हां आढळलें कीं, चाचण्यांच्या त्या कांहीं वर्षांत स्टॅटिनमुळें कर्करोग वाढत नाहीं आणि घटतही नाहीं.

म्हणून आज शहाणपण कशांत आहे? हृदयासाठीं डॉक्टरांनीं दिलेली गोळी मूत्राशयाच्या आजाराच्या भीतीनें आपल्याच मनानें बंद करूं नये, आणि कर्करोगावरील उपाय म्हणून ती घेऊंही नये. तंबाखू मात्र निःसंशय सोडावी. संशय हा शास्त्राचा शत्रु नव्हे, पहारेकरी आहे. त्यानें हांक दिली कीं जागें व्हावें. पण दिवा लावून पाहिल्याखेरीज कोणावर हत्यार उगारूं नये.