औषधाच्या चिठ्ठीची साक्ष

पनवेल येथे कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली श्रीधूतपापेश्वर ही औषधनिर्मितीची संस्था स्थापिली. तत्पूर्वी निदान करणारा, वनस्पती पारखणारा आणि मात्रा हाती देणारा वैद्य बहुधा एकच असल्यामुळे बनावट चिठ्ठीचा प्रश्न सहसा उद्भवतच नसे. पुढे पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर डॉक्टर, कंपाउंडर आणि औषधविक्रेता अशी कामाची वाटणी झाली, व रोगी आणि औषध यांच्यामध्ये कागदाचा एक चिटोरा येऊन बसला. मिश्रणाच्या बाटलीवर मात्रांच्या खाचा कातरलेली कागदी पट्टी डकविण्याची कंपाउंडरची खबरदारी मला विशेष आदरणीय वाटते, कारण निरक्षर रोग्यालाही ती उमगत असे.

सरकारी बंदोबस्त मात्र सावकाश आला. रामनाथ चोप्रा यांच्या औषध चौकशी समितीनंतर १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा असा तो क्रम होय. चिठ्ठीवर डॉक्टरची सही, तारीख व रोग्याचे नाव-पत्ता असावा, एवढ्यावरच हे नियम थांबले नाहीत. औषध देताना विक्रेत्याने आपले नाव, पत्ता व दिनांक त्याच चिठ्ठीवर डॉक्टरच्या सहीच्या वर नोंदवावा, असा दंडकही त्यांनी घातला. ह्या एका नोंदीत केवढे शहाणपण आहे! एकदा वापरलेली चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दुकानाची पायरी चढणाऱ्याविरुद्ध ती चिठ्ठीच साक्ष देते. या नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टातील औषधांसाठी तर चिठ्ठीची दुप्रत लागते, आणि तिची एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे दप्तरी ठेवावयाची असते.