सगळ्यात भारी रॉक बँड कोणता?

बीटल्स, स्टोन्स की झेपलिन? हा वाद रेकॉर्ड किती खपल्या यावर मिटत नाही. मी वेगळं माप लावतो: एक माणूस गेला, तर बँड उरतो का?

1978 मध्ये कीथ मून गेला. ‘द हू’ने दुसरा ड्रमर घेतला आणि गाडी चालू ठेवली. त्यात गैर काहीच नाही. सप्टेंबर 1980 मध्ये जॉन बॉनम गेला. लेड झेपलिनचा अमेरिका दौरा तोंडावर होता. तरी डिसेंबरमध्ये त्यांनी थांबत असल्याचं जाहीर केलं. 2007 मध्ये लंडनला पूर्ण कार्यक्रम केला, तोही एकच रात्र आणि ड्रमवर बॉनमचाच मुलगा, जेसन.

चौथ्याची जागा कुणालाही देता येत नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून माझं मत झेपलिनला. तुमचं कुणाला?