काउबॉय, वाकेरो, पनियोलो: घोड्यावरच्या गुराख्यांची नावे

‘काउबॉय’ला मराठीत नुसते ‘गुराखी’ म्हटले की काहीतरी निसटते. आपला गुराखी हातात काठी घेऊन गुरांमागे पायी हिंडतो. काउबॉय मात्र घोड्यावरून, दोराचा फास टाकून जनावर आवरतो. कुंपण नसलेल्या अफाट माळरानावर मोठा कळप पायी सांभाळणे शक्य नव्हते. जिथे जिथे अशी राने होती, तिथे या कामाला स्वतंत्र नाव मिळाले.

अमेरिका खंडात गुरे आणि घोडे आणले ते स्पॅनिश लोकांनी. स्पॅनिशमध्ये ‘वाका’ म्हणजे गाय, म्हणून गुरे राखणारा तो ‘वाकेरो’. मेक्सिकोतल्या या वाकेरोंमध्ये अनेकजण तिथल्या मूळ जमातींचे होते. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात नंतर आलेल्या इंग्रजी भाषकांनी हे काम त्यांच्याकडूनच उचलले. लॅसो, रँच, रोडिओ, मस्टँग हे सगळे शब्द स्पॅनिशमधून आलेले आहेत. नेवाडा आणि पूर्व ऑरेगनमध्ये तर ‘वाकेरो’चेच ‘बकरू’ झाले (बकरीशी काही संबंध नाही!). पण हॉलिवूडने पडद्यावर दाखवलेला काउबॉय बहुधा गोराच राहिला. मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय काउबॉय त्यात जवळपास पुसले गेले.

हवाई बेटांची गोष्ट सर्वांत रंजक. १७९३ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरने राजा पहिला कामेहामेहा याला गुरे भेट दिली. राजाने ती मारण्यावर बंदी घातली. पुढे रानटी झालेले कळप शेतांची नासधूस करू लागले. शेवटी १८३० च्या दशकात, तेव्हा मेक्सिकोत असलेल्या कॅलिफोर्नियातून वाकेरो बोलावले गेले. त्यांची भाषा ‘एस्पान्योल’. हवाई भाषेत ‘स’ नाही आणि शब्द स्वरानेच संपतो, म्हणून त्याचे ‘पनियोलो’ झाले, असे सहसा मानतात. १९०८ मध्ये इकुआ पर्डी या पनियोलोने वायोमिंगमधील शायेन येथे बैलाला फास टाकून पाडण्याची स्पर्धा जिंकली.

दक्षिणेकडे अर्जेंटिना-उरुग्वेत ‘गाउचो’, चिलीत ‘वासो’, व्हेनेझुएला-कोलंबियाच्या मैदानांत ‘यानेरो’ (‘यानो’ म्हणजे मैदान). ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात तर कुठल्याही रहिवाशाला गाउचो म्हणतात, मग तो बँकेत का नोकरी करेना. ऑस्ट्रेलियात ‘स्टॉकमन’, आणि शिकाऊ असेल तर ‘जॅकरू’.

युरोपातही ही मंडळी आहेत: इटलीच्या मारेम्मात ‘बुत्तेरो’, फ्रान्सच्या कामार्गमध्ये ‘गार्दियां’. हंगेरीत गुराखी म्हणजे ‘गुयाश’. त्याच्या जेवणालाही तेच नाव पडले, आणि जगभरच्या हॉटेलांत ते ‘गूलाश’ म्हणून मिळते. मात्र तिथे पर्यटकांना घोड्यावर कसरती करून दाखवणारा निळ्या वेषातला स्वार गुयाश नव्हे. तो ‘चिकोश’, म्हणजे घोडे राखणारा.