गर्भातले ते दिवस

सुभद्रेच्या उदरात असताना अभिमन्यूने चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ऐकली. बाहेर पडण्याची ऐकायची राहिली, ती राहिलीच. गर्भातली वेळ टळली की ती पुन्हा येत नाही, हे या कथेचे मर्म मी मुलांना कितीदा सांगितले असेल! प्रयोगशाळेत त्या मर्माच्या जवळ जाणारे काही हाती लागले, त्याचा इतिहासही तितकाच मनोवेधक आहे.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात विल्यम यंग हे गिनीपिगांच्या वर्तनाचा अभ्यास करीत. हा बिनशेपटीचा, गुबगुबीत प्राणी सुमारे ६८ दिवस गर्भात असतो. टेस्टॉस्टेरॉन हे स्टेरॉइड कुळातले संप्रेरक. नराच्या अंगी ते विपुल असते. मोठ्या वयात ते टोचले तर बहुधा औषध ओसरताच वागणूक पूर्ववत होते. पण गर्भावस्थेतच ते पोचले तर?

यंग, चार्ल्स फीनिक्स, रॉबर्ट गॉय आदींनी गाभण माद्यांना ते टोचले आणि पिले मोठी होण्याची वाट पाहिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या माद्यांच्या लेकी वयात आल्यावर, मादीची संप्रेरके देऊनही, मादीच्या रीतीने नराला फारसा प्रतिसाद देईनात. उलट नराची ढब दाखवीत. औषध केव्हाच सरले होते, ठसा उरला होता. ओल्या मडक्यावर उमटलेले बोट भाजल्यावरही दिसावे, तसेच हे!

पुढे ऑरेगॉनमध्ये याच मंडळींनी ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केले. १९६४ साली त्यांनी सांगितले, की अशा मादी-पिलांची खेळातली झोंबाझोंबी इतर माद्यांहून अधिक, पण नरांइतकी नव्हे. हा ‘पण’ मला मोलाचा वाटतो. एवढ्यावरून कुणी झाडावर चढणाऱ्या आपल्या लेकीच्या जन्माचा हिशेब मांडू नये. तिला घडवायला घर आहे, शाळा आहे, मैत्रिणी आहेत.

आणि स्टेरॉइड म्हणजे केवळ भय, असेही नाही. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स व हाउवी यांनी दाखविले, की वेगळ्या जातीचे स्टेरॉइड मातेला वेळेवर दिले, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. त्याने असंख्य तान्ही वाचली. मात्र औषध देणाऱ्या हाताला त्या मुक्या प्राण्यांनी एक प्रश्न कायमचा शिकविला आहे: किती, आणि त्याहून आधी, कोणत्या दिवशी?