तबकडी, जकात आणि तुरुंग : प्रोग्रेसिव्ह रॉकचा इतिहास दुकानाच्या गल्ल्यावरून

१/ १९७१ च्या मे महिन्यात इंग्लंडमधील डोव्हर बंदरात एका तरुण दुकानदाराने तुरुंगात एक रात्र काढली. पाच वर्षांनंतर, सप्टेंबर १९७६ मध्ये, प्राग येथे चार जणांना आठ ते अठरा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. दोन्ही प्रकरणांच्या मुळाशी एकाच कुळातले संगीत होते, आणि दोन्हींत सीमा ओलांडणाऱ्या रेकॉर्डचा हात होता. या दोन तुरुंगांमधल्या अंतराचा हा थ्रेड.

२/ प्रथम संगीताविषयी थोडेसे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील काही रॉक वादकांना तीन मिनिटांचे गाणे अपुरे वाटू लागले. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची मोठी बांधणी, जॅझमधील उत्स्फूर्तता, विषम ताल आणि मेलोट्रॉनसारखी नवी वाद्ये त्यांनी रॉकमध्ये आणली. ऑक्टोबर १९६९ मध्ये आलेली किंग क्रिमसनची पहिली रेकॉर्ड हा या प्रवाहाचा ठळक मैलाचा दगड मानला जातो.

३/ आता या संगीताची भौतिक अट पाहू. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-पंचवीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावते. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या रचना याच मापाने वाढल्या. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या इंग्रजी बँडच्या 'पॉन हार्ट्स' (१९७१) मध्ये तर दुसरी संपूर्ण बाजू एकाच रचनेने व्यापली आहे. असे संगीत रेडिओवर तुकड्यातुकड्याने ऐकून भागत नाही. अखंड तबकडी हाती यावी लागते, आणि तबकडी म्हटली की किंमत, कर, आयात आणि दुकान हे सारे आलेच.

४/ म्हणून माझे प्रतिपादन असे : या संगीतप्रकाराचा इतिहास स्टुडिओत जितका घडला तितकाच तो दुकानाच्या गल्ल्यावर आणि जकातनाक्यावर घडला. ध्वनी तोच असला, तरी लंडनमध्ये त्याचा अर्थ एक झाला, रोममध्ये दुसरा आणि प्रागमध्ये तिसराच. कोणत्या देशात रेकॉर्ड कशी मिळते, यावर तिथे कोणते संगीत उभे राहील हे बऱ्याच अंशी ठरले.

५/ लंडनपासून आरंभ करू. १९७० मध्ये रिचर्ड ब्रॅन्सन आणि निक पॉवेल यांनी टपालाने सवलतीत रेकॉर्ड विकण्यास सुरुवात केली. ब्रिटनमध्ये १९६४ च्या कायद्याने उत्पादकाला किरकोळ किंमत बांधून देण्यास मनाई झाली होती, तरी बहुतेक दुकानदार रेकॉर्डच्या छापील किमतीला चिकटून होते. या फटीत 'व्हर्जिन' शिरले. गिऱ्हाइके बहुतांशी तरुण होती, आणि त्यांना नेहमीच्या दुकानांत न मिळणारे हवे होते.

६/ जानेवारी १९७१ मध्ये ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो मार्चपर्यंत चालला. टपालावर जगणाऱ्या व्यवसायाचा श्वासच कोंडला. तेव्हा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका पादत्राणांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर व्हर्जिनचे पहिले दुकान उघडले. गिऱ्हाइकांनी गाद्यांवर लोळावे, हेडफोन लावून तासन्‌तास ऐकावे, आणि कोणी त्यांना हटकू नये, अशी तेथील रीत होती. दीर्घ रचनांच्या संगीताला अशाच दुकानाची गरज होती.

७/ आता डोव्हरचा तुरुंग. त्या काळी ब्रिटनमध्ये रेकॉर्डवर खरेदीकर होता; निर्यातीच्या मालाला तो माफ असे. ब्रॅन्सन निर्यातीच्या नावाने करमुक्त रेकॉर्ड घेत, गाडी डोव्हरपर्यंत नेत, कागदांवर शिक्के उमटवत आणि माल परत आणून लंडनमध्ये विकत. जकात अधिकाऱ्यांनी निर्यातीच्या रेकॉर्डवर केवळ अतिनील प्रकाशात दिसणारी खूण करून ठेवली होती. दुकानात त्याच रेकॉर्ड सापडल्या.

८/ अटक झाली, आईने जामिनासाठी घर तारण ठेवले, आणि प्रकरण सुमारे ६०,००० पौंडांच्या तडजोडीवर मिटले. ही हकिकत ब्रॅन्सन यांनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच मांडली आहे. हे देणे फेडण्यासाठी व्यवसाय वेगाने वाढवावा लागला, असेही ते सांगतात. करचुकवेगिरीचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण राज्यसंस्थेने रक्कम घेतली आणि दुकान चालू राहू दिले, हे लक्षात ठेवा. पुढे प्रागला पोहोचल्यावर याची आठवण होईल.

९/ संशोधकांसाठी एक टीप. त्या काळातील अनेक ब्रिटिश रेकॉर्डच्या मध्यभागी, लेबलजवळ, दोन बारीक अक्षरे ठसवलेली दिसतात. ती कराच्या दराची खूण होय. दर बदलला की अक्षरे बदलत. म्हणून प्रत कोणत्या काळात निघाली याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. १ एप्रिल १९७३ रोजी खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही पद्धत मागे पडली. नाण्यावरील टांकसाळीच्या चिन्हासारखाच हा पुरावा आहे.

१०/ दुकानामुळे काय घडले? व्हर्जिनच्या खरेदीची बाजू सायमन ड्रेपर पाहत. जर्मनीतून मागवलेल्या रेकॉर्ड कोण घेते, किती घेते, हे त्यांना गल्ल्यावर बसून दिसत होते. टँजरिन ड्रीम या बर्लिनच्या बँडच्या आयात प्रती ब्रिटनमध्ये चांगल्या खपत होत्या. व्हर्जिनने त्यांच्याशी करार केला आणि १९७४ ची 'फीड्रा' ब्रिटिश तक्त्यात पहिल्या वीसमध्ये पोहोचली. विक्रेत्याची नोंदवही इथे संगीताच्या इतिहासाचे साधन ठरते.

११/ २५ मे १९७३ रोजी व्हर्जिनने स्वतःची रेकॉर्ड कंपनी म्हणून पदार्पण केले. पहिल्या क्रमांकाची रेकॉर्ड होती माइक ओल्डफील्ड यांची 'ट्युब्युलर बेल्स'. दोन्ही बाजूंवर मिळून एकच रचना, आणि बहुतेक वाद्ये वाजवणारा वादक नुकताच वीस वर्षांचा झालेला. अन्य कंपन्यांनी नाकारलेली ही रेकॉर्ड पुढे ब्रिटनमध्ये अव्वल ठरली. दुकानाच्या बळावर उभ्या राहिलेल्या स्टुडिओतून हे संगीत बाहेर आले.

१२/ त्याच वर्षी जर्मन बँड फाउस्टची 'द फाउस्ट टेप्स' ही एलपी व्हर्जिनने एका सिंगलच्या किमतीत, म्हणजे अर्ध्या पौंडाहूनही कमी दरात विकली. पन्नास हजारांच्या वर प्रती गेल्याचे सांगितले जाते. एरवी शे-दोनशे जणांनी ऐकले असते असे तुकड्यातुकड्यांचे, कर्णकटू, विलक्षण संगीत केवळ स्वस्ताईमुळे हजारो घरांत शिरले. ऐकून किती जण चक्रावले असतील, याची कल्पनाच केलेली बरी! तरी रुची घडवण्यात किमतीचा वाटा किती असतो, याचे हे उत्तम उदाहरण.

१३/ आता आल्प्स ओलांडू. वर उल्लेखिलेली 'पॉन हार्ट्स' ब्रिटनच्या विक्री-तक्त्यात आलीच नाही. इटलीत मात्र १९७२ मध्ये ती पहिल्या क्रमांकावर गेली. जेनेसिसची 'नर्सरी क्राइम' देखील मायदेशात दुर्लक्षित राहिली असताना इटलीत गाजली. ऑपेराच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्यांना नाट्यमय, दीर्घ रचना परक्या वाटल्या नाहीत, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते अपुरे आहे. सरकारी रेडिओवरील युवकांचे कार्यक्रम आणि बँडचे दौरे यांचा वाटा त्याहून मोठा असावा.

१४/ इटलीने केवळ ग्राहकाची भूमिका घेतली नाही. मिलानच्या प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी या बँडची पहिली रेकॉर्ड १९७२ मध्ये आली. पुढच्याच वर्षी इमर्सन, लेक अँड पामर या त्रयीच्या मँटिकोर कंपनीने त्यांची 'फोटोज ऑफ घोस्ट्स' जगभर काढली. इंग्रजी शब्द किंग क्रिमसनचे कवी पीट सिनफील्ड यांचे होते. म्हणजे इटालियन संगीताला लंडनच्या दुकानात जागा मिळाली, पण बहुतांशी भाषा बदलून. सीमेवर द्यावी लागणारी जकात दर वेळी पैशांतच असते असे नाही.

१५/ आणि आता प्राग. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत नेतृत्वाखालील फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच 'द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' हा बँड स्थापन झाला. नाव फ्रँक झॅपा यांच्या एका गाण्यावरून घेतलेले. पश्चिमेकडील रेकॉर्ड इथे सहजी विकत मिळत नसत. कोणी प्रवासात आणे, कोणी हातोहात विके, आणि एका प्रतीवरून अनेक टेप निघत. १९६८ च्या वसंतात न्यूयॉर्कला गेलेल्या एका नाटककाराने परतताना व्हेल्वेट अंडरग्राउंडची रेकॉर्ड आणली होती. त्यांचे नाव व्हाक्लाव्ह हावेल.

१६/ १९७० मध्ये बँडचा व्यावसायिक परवाना गेला आणि सरकारी मालकीची वाद्येही गेली. मग कोणाच्या लग्नाच्या निमित्ताने, खेड्यातल्या एखाद्या सभागृहात, असे कार्यक्रम होत राहिले. एगोन बोन्डी या बंदी असलेल्या कवीच्या कवितांवर आधारित त्यांचे संगीत १९७३-७४ मध्ये गुपचूप ध्वनिमुद्रित झाले. त्याची रेकॉर्ड १९७८ मध्ये पश्चिमेत निघाली. ज्यांनी ती निर्माण केली त्यांना स्वतःच्या शहरातील दुकानात ती विकत घेण्याची सोय नव्हती.

१७/ मार्च १९७६ मध्ये धरपकड झाली. सप्टेंबरच्या खटल्यात शांतताभंगाच्या आरोपाखाली बँडचे मार्गदर्शक इव्हान मार्टिन यिरोउस यांना अठरा महिने, पावेल झायीचेक यांना बारा महिने, आणि स्वातोप्लुक कारासेक व व्रातिस्लाव्ह ब्राबेनेत्स यांना प्रत्येकी आठ महिन्यांची शिक्षा झाली. राजकीय घोषणा देणारे हे लोक नव्हते. त्यांना आपले संगीत वाजवायचे होते, एवढेच. आणि तेवढेच राज्यसंस्थेला असह्य झाले.

१८/ या खटल्याने विखुरलेले लेखक, तत्त्वज्ञ आणि कार्यकर्ते एकत्र आले. जानेवारी १९७७ मध्ये 'चार्टर ७७' प्रसिद्ध झाला. त्याचे एक प्रवक्ते, तत्त्वज्ञ यान पातोच्का, दीर्घ चौकशांनंतर मार्चमध्ये मरण पावले. डिसेंबर १९८९ मध्ये हावेल राष्ट्राध्यक्ष झाले आणि पुढच्याच महिन्यात झॅपा प्रागला आले. रेकॉर्डमुळे राजवट कोसळली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण ज्या समाजात रेकॉर्ड मिळवणे हीच धाडसाची गोष्ट असते, तिथे ऐकणाऱ्यांचे जाळे आपोआप विश्वासाचे जाळे बनते. चार्टरला त्या विश्वासाचा आधार मिळाला.

१९/ मग मुक्त बाजारात सारे आलबेल होते काय? १९७३ मध्ये व्हर्जिनने हेन्री काऊ या केंब्रिजच्या प्रयोगशील बँडला जवळ केले होते. मे १९७७ मध्ये त्याच व्हर्जिनने सेक्स पिस्टल्सशी करार केला; कंपनीचे लक्ष दुसरीकडे वळले. इथे कोणी अटक केली नाही. दुकानातला कप्पा तेवढा लहान होत गेला. बंदी आणि दुर्लक्ष यांना एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे आहे. तरी संगीत श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही, हा परिणाम दोन्हींत दिसतो.

२०/ हेन्री काऊने उत्तर शोधले. १२ मार्च १९७८ रोजी लंडनमध्ये त्यांनी बेल्जियम, फ्रान्स, स्वीडन आणि इटलीतील चार बँडना बोलावून 'रॉक इन ऑपोझिशन' हा कार्यक्रम केला. मोठ्या कंपन्यांना नको असलेल्यांची ती मोट होती. त्याच वर्षी त्यांचे तालवादक ख्रिस कटलर यांनी 'रेकमेंडेड रेकॉर्ड्स' ही वितरणसंस्था सुरू केली. तिने लवकरच फाउस्टच्या जुन्या रेकॉर्ड पुन्हा काढल्या. आठ वर्षांपूर्वी व्हर्जिनने ज्या टपालविक्रीने आरंभ केला होता, तोच मार्ग आता व्हर्जिनने सोडून दिलेल्यांच्या कामी आला.

२१/ आपल्याकडचा एक छोटा दुवा. मुंबईत काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाउस'मध्ये बंदिस्त कक्षात बसून रेकॉर्ड ऐकण्याची सोय होती. २०१६ मध्ये ते दुकान बंद झाले. अशी दुकाने बंद होताना त्यांच्या मागणी-वह्या आणि पावत्या रद्दीत जातात. कोणत्या पिढीने काय ऐकले, काय मागितले आणि काय मिळाले नाही, याचा पुरावाही त्याबरोबर नाहीसा होतो.

२२/ म्हणून अखेरीस एक विनंती. घरात जुन्या रेकॉर्ड असतील तर विकण्याआधी लेबलावरचा क्रमांक, कारखान्याचे गाव, दुकानाचा शिक्का, आतल्या कागदावरची किंमत, कोणी कोणाला भेट दिली ती तारीख, या सर्वांचे छायाचित्र काढून ठेवा. सूर तर पुन्हा छापले जातील. ती तबकडी कोणत्या वाटेने, कोणती सीमा ओलांडून आणि कोणाच्या पिशवीतून त्या घरात आली, हे मात्र त्या एकाच प्रतीवर लिहिलेले असते. थ्रेड समाप्त.