जातं, चूल आणि खानेसुमारी : प्रवरेच्या खोऱ्यातलं कष्टकरी घर

मागच्या खेपेला आम्ही गावगाड्यावर बोललो. पाटील, कुलकर्णी, बारा बलुतेदार, कोणाचा मान काय आणि खळ्यावर कोणाच्या वाट्याला किती पेंढ्या, असं सगळं झालं. संपल्यावर एका बाईंनी विचारलं, "सर, हे चावडीपर्यंतचं झालं. माणूस चावडीवरून घरी गेला की पुढे काय?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झालं. गाव कसं चालतं हे इतक्या बारकाईनं पाहणारं दुसरं पुस्तक मराठीत सापडणं कठीण. पण आत्रेसुद्धा चावडीच्या बाजूनं घराकडे बघतात. आज आपण चुलीपासून सुरुवात करू.

जागा आमच्या ओळखीची घेतो, देवळाली प्रवरा. पुण्या-मुंबईकडे देवळाली म्हटलं की लोक लगेच "कॅम्पची का?" विचारतात. ती नाशिकची. आमची देवळाली राहुरी तालुक्यातली, प्रवरेच्या खोऱ्यातली. काळ साधारण १९०० ते १९३०. आणि कष्टकरी घर म्हणजे ज्या घरातलं कोणी ना कोणी दुसऱ्याच्या रानात राबतं ते घर. त्यात सालगडी आले, बलुतेदार आले आणि चार-पाच एकर कोरडवाहू असलेला कुणबीही आला. हॅरॉल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल. त्यांनी पिंपळे सौदागर या पुण्याजवळच्या गावाची पाहणी करून १९१७ साली छापली. तिथं १७७१ साली सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होतं, ते १९१५ पर्यंत ७ एकरांवर आलं होतं. जमीन अशी तुकड्या-तुकड्यांनी वाटली गेली की शेतकरी आणि मजूर यांच्यातली रेघ पुसट होते. स्वतःचं रान आवरलं की तोच माणूस दुसऱ्याच्या बांधावर रोजानं जातो. म्हणून ही सगळी घरं आम्ही एकत्र धरतो.

घर दिसायचं कसं? आपल्याकडे गावाला 'पांढरी' आणि रानाला 'काळी' म्हणतात. पांढऱ्या मातीची भिंत, वर धाबं. खणांवर मोजायचं, दोन खणांचं, तीन खणांचं. ज्याला तेही परवडत नसे त्याचं छप्पर. आत एका कोपऱ्यात चूल, चुलीला जोडून वैल, भिंतीशी उतरंड, एक कणगी, पाण्याचा रांजण, दोरीवर वाकळा आणि एखादी घोंगडी. दारालगत जातं. उजेडाला रॉकेलची चिमणी, तीही जेवणं उरकेपर्यंतच. रॉकेलचा रिकामा डबा मात्र फार मोलाचा. पाणी आणायला डबा, धान्य ठेवायला डबा, कापून सरळ केला की दाराला पत्रा. कारखान्यातला माल गरिबाच्या घरात पहिल्यांदा शिरला तो बहुधा काडेपेटी आणि हा डबा या रूपानं, असं आम्हाला वाटतं.

आता जात्याकडे येऊ. तिथं आम्ही जरा रेंगाळणार आहोत.

आमची आजी या शतकाच्या, म्हणजे मागच्या शतकाच्या, सुरुवातीची. (सत्तरी ओलांडली तरी 'हे शतक' म्हटलं की आम्हाला विसावंच आठवतं.) ती सांगायची, कोंबडा आरवायच्या आधी उठायचं. पाच-सहा माणसांच्या घराला रोज अधोलीभर दळण, म्हणजे दोन शेर. घरात पाहुणा किंवा औताचा गडी जेवायला असला तर त्याहून जास्त. आता कोणी विचारील, रोज कशाला? आठवड्याचं एकदम दळून ठेवायचं. इथंच खरी मेख आहे. आपल्याकडचं धान्य बाजरी. बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो, म्हणून तिचं पीठ लवकर कडवट होतं. गव्हाचं पीठ टिकतं, बाजरीचं टिकत नाही. म्हणजे रोज पहाटे उठण्याची सक्ती सासूनं केली त्याआधी ती बाजरीनं केलेली होती. सासूनं फक्त ती राबवली.

जात्याच्या दोन तळ्या, वरच्या तळीला लाकडी खुंटा. एकटीनं ओढायचं किंवा दोघींनी समोरासमोर बसून. दोघी असल्या म्हणजे निम्मे कष्ट, आणि बोलायला माणूस. नणंद-भावजयीचं, जावाजावांचं बरंचसं राजकारण या जात्यावर मिटलं किंवा पेटलं. तळ्या घासून गुळगुळीत झाल्या की दळण भरडं निघायचं. मग टाकी लावून द्यायला टाकारी यायचा. तो गल्लीत ओरडत आला की बायका हातातलं काम टाकून बाहेर यायच्या.

दळण झालं की पाणी. मग शेण, सारवण, चूल पेटवणं. सरपणाला पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या. काठवटीत पीठ मळून भाकरी. बरोबर कोरड्यास असलं तर असलं, नाहीतर मिरचीचा ठेचा आणि कांदा. थंडीत हुलग्याचे शेंगोळे म्हणजे चैन. भाकरी फडक्यात बांधून बाई रानात निघाली, की तिथून तिचा दुसरा दिवस सुरू व्हायचा, खुरपणीचा. त्याची मजुरी मिळायची, पुरुषापेक्षा कमी, आणि पुष्कळदा धान्यातच. संध्याकाळी ते धान्य पदरात घेऊन घरी यायचं, आणि दुसऱ्या पहाटे तेच दळायचं.

पाणी म्हटलं तेव्हा एक गोष्ट विसरून चालणार नाही. 'पाणी आणणं' हे काम सगळ्या घरांत एकच नव्हतं. महारवाड्यातल्या बाईला गावच्या विहिरीवर पोहरा टाकायची मुभा नव्हती. कोणी ओतील तेव्हा पाणी, तोवर उभं राहायचं. तिच्या दिवसातले हे तास कुठल्याच कामात धरायचे नाहीत. ते नुसतं थांबणं होतं. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाकडे आपण हक्काचा लढा म्हणून बघतो, तो होताच. पण त्यात कुणाच्या तरी आईच्या पहाटेचा हिशोबही होता. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. तेव्हाची त्यांची एक तक्रार अशी होती की वतनदार महार घरी नसला तर सरकारी कामाला त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणालाही धरून नेतात. याचा अर्थ नीट बघा. राबणुकीचं देणं एका माणसावर नव्हतं, अख्ख्या घरावर होतं.

आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे 'काम म्हणजे काय' असा प्रश्न आला की आम्हाला गप्प बसवत नाही.

१९०१ आणि १९११ च्या खानेसुमारीत माणसांचे दोन भाग पाडले होते, प्रत्यक्ष काम करणारे आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे. धंद्यांच्या यादीत दळणकांडण करणाऱ्यांचा धंदा होता. म्हणजे दुसऱ्याच्या घरचं दळण घेऊन चार दाणे मिळवणारी विधवा 'काम करणारी' ठरली. तिच्याच शेजारची बाई, तसंच जातं, तीच बाजरी, तितकाच वेळ, पण दळण आपल्या लेकरांचं. ती 'अवलंबून'. १९३१ च्या खानेसुमारीत हे अधिक खुलासेवार आलं. घर सांभाळणारी आणि स्वयंपाक करणारी बाई कमावती नाही, अवलंबून आहे. सरपण किंवा शेण गोळा करून विकणारी कमावती आहे, कारण ती घराच्या उत्पन्नात भर घालते. म्हणजे तुम्ही गोवरी थापली आणि बाजारात नेली तर ते काम. तीच गोवरी आपल्या चुलीत घातली तर ते काम नव्हे.

हे इंग्रजांचं खुळ म्हणून सोडून देता येत नाही. गावालाही तसंच वाटत होतं. आमच्या आजोबांना विचारलं असतं, "घरात कामाची माणसं किती?" तर त्यांनी औत धरणारे हात मोजले असते. ॲरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'च्या पहिल्याच भागात म्हटलं आहे की धोटे जर आपोआप विणू लागले तर मालकाला गुलामांची गरज उरणार नाही. पुढे काही शतकांनी थेस्सलोनिकाच्या अँटिपाटर नावाच्या ग्रीक कवीनं पाणचक्कीवर कविता केली. तिच्यात दळणाऱ्या बायकांचं अभिनंदन आहे, आता पाणी तुमचं काम करील म्हणून. मार्क्सनं 'कॅपिटल'मध्ये तिचा दाखला घेतला. दळणं हे कष्टाचं काम आहे हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांना कळत होतं, आणि आमच्या खानेसुमारीच्या तक्त्याला कळत नव्हतं. हाना आरेंट यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात श्रम आणि निर्मिती असा भेद केला. श्रमाचं फळ त्याच दिवशी खाऊन संपतं, मागे काही उरत नाही. सुताराचा नांगर उरतो, बाईची भाकरी उरत नाही. भेद बरोबर आहे. पण श्रम खालच्या पायरीवर आहे, अशी जी छटा त्यातून निघते तिच्याशी आमचं जमत नाही. बाईची भाकरी उरली नाही, पण ती खाणारा तर उरला.

आणि तेसुद्धा दरवेळी उरलाच असं नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली. चुली उघड्यावर आल्या, भांडीकुंडी विकली गेली. १९०१ साली नगर जिल्ह्याची लोकसंख्या ८,३७,६९५ होती, आधीच्या गणतीपेक्षा कमी. १९११ पर्यंत ती साडेनऊ लाखांच्या जवळ गेली आणि १९२१ ला सव्वासात लाखांच्या थोडी वर येऊन थांबली. मध्ये १९१८ होतं. पाऊस नाही आणि मानमोडीची साथ. आजी त्या वर्षाबद्दल फार बोलत नसे. एवढंच म्हणायची, "जात्यावर समोर बसायला कोणी राहिलं नव्हतं." आम्ही लहानपणी हे ऐकलं, पण त्याचा अर्थ कळायला पन्नाशी यावी लागली.

मग पाणी आलं. भंडारदऱ्याच्या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं. १९२६ च्या डिसेंबरात गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. प्रवरेच्या कालव्यांनी बाजरीच्या मुलखात ऊस आणला. सासवडचे माळी बागायतदार आले, गुऱ्हाळं पेटली, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. या इतिहासावर भरपूर बोललं जातं, पुढे १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना कसा झाला तेही. आम्ही फक्त त्यातलं घर बघतो. सरपणाला पाचट मिळालं. मजुरीत रोख पैसे दिसू लागले. हंगामात गुळाचा चहा आला. पण उसाच्या पाळ्या रात्रीच्याही असतात. दारं धरायला पुरुष रात्री गेला की त्याची भाकरी अवेळी. म्हणजे पाण्यानं बाईचा दिवस आखूड केला नाही, त्याची फक्त वेळ बदलली.

तो खरा आखूड झाला पिठाच्या गिरणीनं. इंजिनावरची गिरणी जवळपास आली तेव्हा पहिली काही वर्षं म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. पीठ गरम येतं, भाकरीला चव नाही. ही कुरकुर करणाऱ्यांत पुरुष जास्त होते, असं आजी सांगायची. तिनं स्वतः गिरणी सुरू झाली त्याच आठवड्यात दळण डोक्यावर घेऊन रांग धरली. रोजचे दोन तास वाचत होते. आम्ही तिला मोठेपणी विचारलं, "आजी, ओव्या गेल्या त्याचं वाईट नाही वाटलं?" ती म्हणाली, "ओव्या कुठं गेल्या? मला येत्यात की. जातं गेलं."

हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या. हे काम फार मोठं आहे. बायकांनी आपल्याबद्दल स्वतः सांगितलेलं इतकं दुसरीकडे कुठं मिळणार नाही. पण शहरात हल्ली ओवी म्हटलं की लोकांचे डोळे पाणावतात, दिवाणखान्यात शोभेला जातं ठेवतात, त्याचा आम्हाला थोडा राग येतो. गाणं सुंदर होतं म्हणून काम सुंदर ठरत नाही. खांदे दुखायचे, ते विसरायला गाणं होतं.

आता एक कबुली. कॉलेजात नाव घालताना एका छापील अर्जात 'आईचा व्यवसाय' असा रकाना होता. आम्ही त्यात आमच्या हातानं लिहिलं, 'काही नाही'. आई त्या वेळी पहाटे चारला उठत होती. अर्ज तपासणाऱ्या कारकुनाला त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि आम्हालाही नाही. पुढे चाळीस वर्षं आम्ही नीतिशास्त्र शिकवलं.

२०१९ साली आपल्या सरकारच्या सांख्यिकी खात्यानं माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, आणि असं काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. गिरणी आली, गॅस आला, पुष्कळ ठिकाणी नळ आले, तरी तेव्हाही पाच तास. निदान आता मिनिटं मोजली तरी गेली. १९११ च्या तक्त्यात आजीसाठी मिनिटंच नव्हती.

तर तुमच्याकडे एक मागणं आहे. घरात किंवा गल्लीत पंच्याऐंशी-नव्वदीच्या कोणी आजी, मावशी, आत्या असतील तर त्यांना विचारा. "पूर्वी कसं होतं" असं मोघम विचारू नका, मग त्या "बरं होतं" म्हणून मोकळ्या होतात. विचारा, पहाटे उठल्यावर पहिला हात कशाला लागायचा? गिरणी गावात कधी आली आणि पहिलं दळण कोणी नेलं? पाणी किती हेलपाट्यांत भरायचं? महारवाड्यात, मांगवाड्यात, माळीवाड्यात वेगवेगळं विचारा, उत्तरं वेगवेगळी येतील. लिहून ठेवा, माप शेरात सांगितलं तर शेरातच लिहा, किलो करू नका. पुढच्या खेपेला आम्ही चुलीच्या धुरावर आणि सरपणावर बोलणार आहोत, तेव्हा ते घेऊन या.